कूटनीची सिनियर हॉकी लीग आणि भट्टीवर काम करणारे विश्वविजेते (लांबलचक धागा आहे, चहा घेऊन बसा)

सेल्कर्क_सदू:

कॅनडातलं हॉकी (म्हणजे बर्फावरचं, आइस हॉकी) म्हटलं की आपल्याकडे एनएचएल ही मोठी प्रो लीग, ग्रेट्झकी आणि टोरांटोचे मेपल लीफ्स यंदा पण कसे हरले एवढंच बोललं जातं. पण १९२० पासून १९६१ पर्यंत कॅनडाने जी ऑलिंपिक गोल्ड आणि वर्ल्ड टायटल्स मारली त्यातलं एकही एनएचएलच्या टीमने जिंकलेलं नाहीये, ती बहुतेक जिंकली कुठल्यातरी शहरा-गावाच्या सिनियर ॲमॅच्युअर टीम्सनी. आणि त्यातली तीन ज्या पट्ट्यातून आली तिथेच मी सध्या राहतो म्हणून हा प्रपंच.

पट्टा म्हणजे कूटनी, ब्रिटिश कोलंबियाचा खालचा उजवा कोपरा. डोंगर, लांबच लांब तळी, कोलंबिया नदी आणि खाणी. ट्रेल, नेल्सन, रॉसलँड, किंबर्ली, क्रॅनब्रुक ही गावं, आणि बॉर्डरच्या पलीकडे अमेरिकेतलं स्पोकॅन. यांची मिळून वेस्टर्न इंटरनॅशनल हॉकी लीग, १९४६ मध्ये सुरू झाली, त्याआधी याच गावांची वेस्ट कूटनी लीग होती, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी बंद पडली. टीम्सची नावं बघा फक्त: ट्रेल स्मोक ईटर्स, किंबर्ली डायनामायटर्स, रॉसलँड वॉरियर्स, क्रॅनब्रुक रॉयल्स. नेल्सनवाल्यांनी मात्र काही डोकं लावलं नाही, सरळ नेल्सन मेपल लीफ्स.

किंबर्ली १९३७ ला लंडनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. ट्रेल १९३९ ला स्वित्झर्लंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन. आणि परत ट्रेलच, १९६१ ला जिनिव्हात. १९६१ ला ट्रेलची लोकसंख्या होती साडेअकरा हजाराच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात धड स्टँड पण नसतो.

आता यातली गंमत अशी की किंबर्ली आणि ट्रेल ही दोन्ही एकाच कंपनीची गावं. कन्सॉलिडेटेड मायनिंग अँड स्मेल्टिंग, नंतर जिचं नाव कॉमिन्को झालं. किंबर्लीला सलिव्हन खाण, तिथून शिसं-जस्ताचा माल रेल्वेने ट्रेलला यायचा आणि ट्रेलच्या भट्टीत वितळायचा. एक गाव सुरुंग लावणारं म्हणून डायनामायटर्स, दुसरं गाव धूर खाणारं म्हणून स्मोक ईटर्स. (स्मोक ईटर्स नावाची अजून एक गोष्ट सांगतात, व्हँकुव्हरच्या एका मॅचला कुणीतरी बर्फावर पाइप फेकला तर ट्रेलच्या खेळाडूने तो उचलून ओढत ओढत खेळायला सुरुवात केली आणि पेपरात त्यावर व्यंगचित्र आलं. खरं असो नसो, गावात ही गोष्ट जाम आवडीने सांगतात.)

बाकीचं प्रतिसादात लिहितो, मोबाइलवर टाइप करून अंगठा दुखला.

फक्त_वाचक:

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मिसिसागाची_मावशी:

अरे सदू, सिनियर म्हणजे नक्की काय? माझ्या डोळ्यासमोर आपले सकाळी बागेत हसणारे आजोबा लोक स्केट्स घालून उभे राहिले.

सेल्कर्क_सदू:

नाही हो मावशी, ज्युनियर म्हणजे वीसपर्यंतची पोरं, त्यावरचे सगळे सिनियर. म्हणजे ऐन पंचविशी-तिशीतले दांडगे गडी. आणि ॲमॅच्युअर म्हणजे हॉकी खेळण्याचे पैसे न घेणारे, निदान कागदावर तरी, या 'कागदावर' वर पुढे येतोच.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ॲलन कप. स्टॅनली कप आज एनएचएलचा आहे पण मुळात तो ॲमॅच्युअर टीम्ससाठी दिलेला होता. १९०८ च्या सुमाराला पैसे घेऊन खेळणाऱ्या टीम्सनी तो पळवला म्हटल्यावर माँट्रियलचे सर माँटेग्यू ॲलन यांनी ॲमॅच्युअर लोकांसाठी वेगळा कप दिला. १९१४ ला कॅनेडियन ॲमॅच्युअर हॉकी असोसिएशन निघाली आणि मग गावाची लीग, प्रांताची फायनल, वेस्टर्न कॅनडाची फायनल, आणि शेवटी ईस्ट विरुद्ध वेस्ट ॲलन कप अशी शिडी तयार झाली. आणि ऑलिंपिकला किंवा वर्ल्डला टीम पाठवायची वेळ आली की असोसिएशन साधारणपणे ॲलन कपवाल्यांनाच सांगायची, जा तुम्ही. म्हणजे आपण रणजी जिंकणारी टीम जशीच्या तशी 'इंडिया' लिहिलेला टीशर्ट घालून वर्ल्ड कपला पाठवली तर, तसं.

१९२० ला अँटवर्पला विनिपेग फाल्कन्स गेले, जवळजवळ सगळी आइसलँडहून आलेल्या लोकांची पोरं, गोल्ड घेऊन आले. १९५२ ला ऑस्लोला एडमंटन मर्क्युरीज, ही टीम कोणाची तर एडमंटनमधल्या एका फोर्ड-मर्क्युरी गाड्या विकणाऱ्या डीलरची! शोरूमच्या टीमने ऑलिंपिक गोल्ड आणलं आणि त्यानंतर कॅनडाच्या पुरुषांना पुढचं हॉकी गोल्ड मिळालं थेट २००२ ला सॉल्ट लेक सिटीत. ५० वर्षं मध्ये गेली.

गावठी_वकील:

एक मिनिट एक मिनिट. ट्रेल म्हणजे ट्रेल स्मेल्टर केसवालं ट्रेल का???

एलएलबीला इंटरनॅशनल लॉ आणि एन्व्हायर्नमेंटल लॉ दोन्ही पेपरला ही केस घोकलीये. भट्टीच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड दरीतून वाहत खाली वॉशिंग्टन स्टेटमधल्या शेतांवर जायचा, पिकं आणि झाडं जळायची, शेतकरी बोंबलायला लागले. भट्टी कॅनडात, शेत अमेरिकेत, मग कोणत्या कोर्टात जाणार? शेवटी दोन देशांनी लवाद नेमला, १९३८ ला पहिला निवाडा आणि १९४१ ला शेवटचा. आपल्या हद्दीतून दुसऱ्या देशाचं धुराने नुकसान होऊ देण्याचा हक्क कुठल्याही देशाला नाही, हे वाक्य तिथूनच आलंय. १९३८ ला ७८,००० डॉलर भरपाई लावली होती, त्याआधी ३,५०,००० ची शिफारस झालेली. परीक्षेत पाच मार्कांना हमखास. त्या गावाला हॉकी टीम आहे आणि तिचं नाव धूर खाणारे आहे हे सरांनी सांगितलं असतं तर जन्मात विसरलो नसतो.

सेल्कर्क_सदू:

वकीलसाहेब तेच ट्रेल! आणि योगायोग बघा, लवादाचा पहिला निवाडा एप्रिल १९३८ चा आणि त्याच सीझनला ट्रेलने पहिल्यांदा ॲलन कप जिंकला, कॉर्नवॉल फ्लायर्सना हरवून. त्याच कपाच्या जोरावर १९३९ ला स्वित्झर्लंडला गेले आणि स्पर्धेत एकही मॅच न हरता जिंकून परत आले. म्हणजे एकीकडे गावाच्या धुरावरून दोन देश भांडतायत आणि दुसरीकडे तोच धूर छातीवर मिरवत गाव युरोपात जिंकतंय.

भट्टी गावाच्या अगदी डोक्यावर आहे, टेकाडावर. म्हणून जुने लोक भट्टीला नुसतं 'द हिल' म्हणतात, कुठे कामाला तर 'अप द हिल'. रिंकच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं की चिमण्या दिसतात. गाव इतकं चढउताराचं की रस्त्यांऐवजी जिने आहेत, आणि बर्फ साचू नये म्हणून काही जिन्यांवर चक्क छप्पर घातलंय. इटालियन वस्ती मोठी, गल्च नावाच्या घळीत, आणि टीममध्ये पण इटालियन आडनावं भरपूर. १९६१ च्या टीममधला ॲडी टांबेलिनी, त्याचा मुलगा स्टीव्ह एनएचएल खेळला आणि पुढे एडमंटन ऑयलर्सचा जनरल मॅनेजर झाला, नातू जेफ पण एनएचएल खेळला. एनएचएलवाला रे फेरारो पण इथलाच.

शंकासूर:

धागा छान आहे पण मला ही ॲमॅच्युअरची भानगड पटत नाही. कंपनी नोकरी देते, कंपनीच्या गावात रिंक, कंपनीच्या शिफ्टमधून सुट्टी काढून पोरं महिनाभर युरोपात. हे ॲमॅच्युअर कसले? पगारी खेळाडूच की. मग रशियन लोक आर्मीचे पगारी होते म्हणून कॅनडावाले आयुष्यभर रडले ते कशाला?

कांगालीगवाला:

शंकासूर यांच्याशी अर्धवट सहमत.

मुंबईत वाढलेल्यांना यात काही नवीन नाही. टाइम्स शील्ड आठवा. एसीसी, टाटा, मफतलाल, निरलॉन, सगळ्या कंपन्या क्रिकेटर नोकरीला ठेवायच्या, गावसकर निरलॉनला होते. हजेरीपटावर नाव, दुपारी आझाद मैदानात किंवा कुठल्यातरी जिमखान्यावर. पण त्यांना कोणी प्रोफेशनल म्हणायचं नाही आणि ते स्वतःलाही म्हणायचे नाहीत. पगार हा खेळाचा नव्हता, खेळामुळे मिळालेल्या नोकरीचा होता. फरक बारीक आहे पण आहे, कारण रिटायर झाल्यावर पेन्शन त्या नोकरीची मिळते. आजचे आयपीएलवाले पोरगे तीन वर्षांत कोटी कमावतात पण चौथ्या वर्षी हातात काय ते देव जाणे.

सेल्कर्क_सदू:

कांगालीगवाले, नेमकं. ट्रेलमध्येही तोच हिशोब होता. प्रेअरीवरच्या, सस्कॅचेवान-मॅनिटोबातल्या पोराला प्रो टीमच्या खालच्या लीगमध्ये बसने हिंडत तुटपुंजा पगार घ्यायचा की कॉमिन्कोमध्ये कायमची नोकरी, घर, लग्न आणि आठवड्याला दोन मॅचेस? एनएचएलमध्ये तेव्हा सहाच टीम्स. म्हणजे अख्ख्या कॅनडातून शे-सव्वाशे जागा. त्या सव्वाशेच्या बाहेर राहिलेला खेळाडू वाईट नव्हता हो, फक्त जागा नव्हती. सिनियर लीग्जचा दर्जा इतका वर होता त्याचं खरं कारण हे.

सेथ मार्टिनचं उदाहरण घ्या. ट्रेलचा गोलकीपर. १९६१, १९६३, १९६४ आणि १९६६, चार वेळा वर्ल्ड लेव्हलला बेस्ट गोलकीपर. रशियन आणि चेक लोक याला देव मानायचे. आणि घरी काय काम, तर फायरमन! १९६७ ला एनएचएलमध्ये सेंट लुई ब्लूज आली तेव्हा एक सीझन ग्लेन हॉलच्या जोडीला खेळला आणि सरळ ट्रेलला परत आला. त्याला एनएचएलमध्ये राहणं परवडण्यासारखं नव्हतं म्हणा की नोकरी-पेन्शन सोडवत नव्हती म्हणा. कांगालीगवाल्यांचा मुद्दा हाच.

आता शंकासूर यांचा प्रश्न, रशियन पगारी होते मग रडले कशाला. बरोबर आहे, दोन्हीकडे सोंगच होतं. पण सोंगात सोंग असतं. मॉस्कोचे सीएसकेएवाले आर्मीच्या कॅम्पमध्ये वर्षभर एकत्र राहून फक्त हॉकी करायचे. ट्रेलचा माणूस रात्रपाळी करून यायचा आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला. नेहमीच अशी रात्रपाळी असेल असं नाही, सवलत मिळत असणारच, पण सहा महिने कॅम्प नाही मिळायचा.

शंकासूर:

ठीक आहे, अर्धं मान्य. पण मग जिंकले कसे? १९६१ ला रशिया काही लिंबूटिंबू नव्हता.

सेल्कर्क_सदू:

तेच तर सांगायचंय. पण त्याआधी १९५४ सांगावं लागेल नाहीतर १९६१ ची मजा कळणार नाही.

१९५४ ला सोव्हिएत युनियन पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपला आलं, स्टॉकहोमला. कॅनडाने पाठवली ईस्ट यॉर्क लिंडहर्स्ट्स, टोरांटोची सिनियर 'बी' टीम, परत एका गाडीवाल्याचीच, लिंडहर्स्ट मोटर्स. कोणी सिरियसली घेतलं नव्हतं कारण कॅनडा जिंकणारच हे गृहीत. रशियाने ७-२ धुतलं. देशभर नुसता हलकल्लोळ, जणू कोणी घरात घुसून देव्हारा उचलून नेला.

मग पुढच्या वर्षी बदला. आणि बदला घ्यायला कोण गेलं तर परत ब्रिटिश कोलंबियाचंच एक छोटं गाव, पण कूटनीचं नाही, शेजारच्या ओकानागन खोऱ्यातलं. पेंटिक्टन व्हीज. ओकानागन म्हणजे फळबागांचा भाग, इकडचं नाशिक म्हणा. टीमचं नाव व्हीज कारण तिथे पिकणाऱ्या तीन जातीच्या पीचची नावं इंग्रजी व्ही ने सुरू होतात, व्हॅलियंट, वेडेट आणि व्हेटरन. यात वॉरविक बंधू तिघं, ग्रँट, बिल आणि डिक, ग्रँट खेळायचा पण आणि कोच पण. १९५४ ची ॲलन कप फायनल सडबरीविरुद्ध १-३ ने मागे पडून जिंकले होते. ६ मार्च १९५५, पश्चिम जर्मनीतलं क्रेफेल्ड, रशियाला ५-०. गोलकीपर आयव्हन मॅक्लेलँडने एक गोल दिला नाही. रेडिओवर कॉमेंट्री करायला फॉस्टर ह्यूइट खास टोरांटोहून गेला होता आणि इकडे कॅनडात लोक कानाला रेडिओ लावून बसलेले. आणि बिल वॉरविकने म्हणे खरी ट्रॉफी स्वतःजवळच ठेवली आणि पुढच्या वेळी परत पाठवली ती नक्कल! ही गोष्ट तिकडे सगळ्यांना माहितीये.

मिसिसागाची_मावशी:

हाहाहा ट्रॉफी ढापली!! एकदम वॉरविक आजोबांची फॅन झाले मी.

सेल्कर्क_सदू:

मावशी, ते तिघे भाऊ फार सालस होते असं कोणी म्हणणार नाही. मारामाऱ्या पण तितक्याच.

यावरून एक तांत्रिक गोष्ट सांगतो जी फार कोणाला माहीत नसते. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमात अंगावर जाऊन धडक मारायची म्हणजे बॉडीचेकिंग फक्त आपल्या गोलच्या बाजूच्या झोनमध्येच चालायचं. समोरच्याच्या झोनमध्ये जाऊन धडक मारली की पेनल्टी. पूर्ण रिंकभर धडक मारायला परवानगी मिळाली १९६९ ला. आता कूटनीतला गडी लहानपणापासून कोपऱ्यात जाऊन समोरच्याला रिंकच्या कडेच्या फळीवर चेपून पक (खेळायची चकती) काढून घ्यायला शिकलेला. त्याचं अर्धं हत्यार युरोपात काढून घेतलं जायचं. म्हणून युरोपियन पेपर दरवेळी कॅनडावाले गुंड म्हणून लिहायचे आणि कॅनडाचे पेपर रेफरी चोर म्हणून लिहायचे.

बरं आता १९६१. त्याआधीच्या वर्षी ॲलन कप फायनलमध्ये ट्रेल हरलं होतं, चॅटहम मरून्सनी हरवलेलं. पण चॅटहमवाले जिनिव्हाला गेले नाहीत, मग असोसिएशनने रनर-अप ट्रेलला विचारलं. म्हणजे मुळात हे बदली खेळाडू. टीममध्ये गावची पोरं आणि शिवाय बाहेरून घेतलेले चारदोन चांगले, त्यात जॅकी मॅक्लाउड आणि डॅरिल स्लाय. बाहेरून घ्यायची पद्धत सिनियरमध्ये नेहमीचीच, लीग जिंकलेली टीम पुढच्या फेरीसाठी हरलेल्या टीम्समधले खेळाडू उचलायची, याला पिकअप म्हणायचे. पूर्ण सीझनभर ज्याला फळीवर चेपला त्याच्याच शेजारी बसून मार्चमध्ये कपासाठी खेळायचं. कोच बॉबी क्रॉम, तो खेळायचा पण.

स्पर्धेत चेकोस्लोवाकियाशी १-१ बरोबरी झाली. चेकनी रशियाला ६-४ हरवलेलं. त्यामुळे शेवटच्या दिवशी, १२ मार्चला, ट्रेल विरुद्ध रशिया, आणि नुसतं जिंकून उपयोग नाही, गोलफरकात चेकच्या पुढे राहायला हवं. ५-१ मारलं! सेथ मार्टिन भिंत होऊन उभा. चेक आणि कॅनडाचे पॉइंट सेम, गोलफरकावर गोल्ड ट्रेलकडे.

आणि कॅनडाला यानंतरचं वर्ल्ड टायटल मिळालं १९९४ ला, तेही प्रो खेळाडू घेऊन. ॲमॅच्युअर क्लब टीमने जिंकलेलं शेवटचं वर्ल्ड चॅम्पियनशिप म्हणजे हे ट्रेलचं.

फक्त_वाचक:

जबरदस्त. मला एक सांगा, लीग म्हणजे दर आठवड्याला मॅच, तर या डोंगरात हिवाळ्यात हे लोक एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे कसे? मॅपवर बघितलं तर ट्रेल आणि किंबर्लीच्या मध्ये नुसती तळी आणि डोंगरच आहेत.

सेल्कर्क_सदू:

अगदी मुद्द्याचा प्रश्न, लीगचा अर्धा इतिहास रस्त्यांचाच आहे. ट्रेल, रॉसलँड, नेल्सन ही जवळजवळ, नेल्सन ट्रेलपासून सत्तर-एक किलोमीटर. म्हणून ट्रेल-नेल्सन दुश्मनी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडवी, नेल्सनचं सिव्हिक सेंटर १९३५ चं आहे, बंदिस्त रिंक. पण किंबर्ली आणि क्रॅनब्रुक डोंगराच्या पलीकडे. आज जी सालमो ते क्रेस्टनची खिंड आहे तिचा रस्ता १९६० च्या दशकात झाला, त्याआधी कूटनी लेक फेरीने पार करावं लागायचं. म्हणजे बसमधून उतरा, फेरीची वाट बघा, पलीकडे जा, परत शंभरेक मैल वळणावळणाने. मॅच खेळा, मार खा, आणि रात्रीच परत या कारण सकाळी भट्टीवर शिफ्ट. त्यात किंबर्ली-क्रॅनब्रुक माउंटन टाइमवर आणि ट्रेल पॅसिफिक टाइमवर, जाताना एक तास खिशातून जायचा.

रस्ता झाल्यावर प्रवास सोपा झाला पण तोवर बघणारे घरी बसायला लागले होते, त्यावर येतो.

स्पोकॅनचं वेगळं प्रकरण. ते मोठं शहर, तिथे स्पोकॅन कॉमेट्स ही प्रो टीम होती, ती १९६३ ला डेन्व्हरला गेली. मग स्पोकॅनवाल्यांनी जेट्स नावाची सिनियर टीम काढून आमच्या लीगमध्ये घातली. आणि या अमेरिकन टीमने कॅनडाचा ॲलन कप चार वेळा नेला, १९७० आणि १९७२ ला जेट्स नावाने, १९७६ आणि १९८० ला फ्लायर्स नावाने. त्याच सुमाराला किंबर्लीने १९७८ ला आणि क्रॅनब्रुकने १९८२ ला पण कप मारला. म्हणजे १९७० ते १९८२ या बारा वर्षांत लीगने सहा ॲलन कप जिंकले, ही गोष्ट लोक विसरतात, सगळे १९६१ वरच थांबतात. मला विचाराल तर लीग म्हणून सगळ्यात तगडी ती सत्तरच्या दशकात होती.

शंकासूर:

मग एवढी तगडी होती तर मेली का? रशियामुळे?

सेल्कर्क_सदू:

सगळे हेच म्हणतात, रशियाने ॲमॅच्युअर हॉकी संपवलं. मला नाही पटत. रशियाने एवढंच केलं की ॲलन कपचा आणि वर्ल्डचा संबंध तोडला. १९६२ ला गॉल्ट टेरियर्स गेले, सिल्व्हर. १९६३ ला परत ट्रेल गेलं स्टॉकहोमला, चौथे आले, आणि मग फादर डेव्हिड बाउअर या पाद्र्याने कायमस्वरूपी नॅशनल टीम बनवली, बहुतेक कॉलेजची पोरं. गावच्या टीमला जग बघायला मिळण्याचा रस्ता तिथे बंद. पुढे १९७० ला तर कॅनडाने प्रो खेळाडू घेऊ देत नाही म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांवरच बहिष्कार टाकला, १९७७ ला परत आले.

पण ट्रेलचा माणूस शनिवारी रात्री मॅच बघायला यायचा तो नेल्सनला हरवायला, मॉस्कोला हरवायला नाही. त्याला घरी बसवलं टीव्हीने. १९५२ पासून हॉकी नाइट इन कॅनडा टीव्हीवर, आणि हळूहळू डोंगरातही सिग्नल पोचला. शनिवारी रात्री घरात शेगडीजवळ बसून माँट्रियल-टोरांटो फुकट बघायचं की उणे दहात रिंकवर जायचं? दुसरं म्हणजे १९६७ ला एनएचएल सहाच्या बारा टीम्स झाली, १९७२ ला डब्ल्यूएचए ही दुसरी प्रो लीग निघाली. जे सव्वाशेच्या बाहेर राहायचे त्यांना अचानक जागा आणि पैसा. तिसरं कंपनी. नोकऱ्या कमी होत गेल्या, यंत्रं आली, हॉकी खेळतो म्हणून माणूस घ्यायचे दिवस गेले. सलिव्हन खाण तर २००१ ला कायमची बंद झाली. किंबर्ली आज स्कीइंगवर जगतं.

कांगालीगवाला:

मुंबईतही तसंच, गिरण्या गेल्या, कंपन्यांनी स्पोर्ट्स कोट्यातून भरती आखडली आणि टाइम्स शील्डची रया गेली. पोरं तीच, मैदान तेच.

पण पैशाचं अजून एक विचारतो, जिथे कंपनी नव्हती तिथे टीम कशी चालायची? सगळ्या गावात भट्टी नसणार.

सेल्कर्क_सदू:

तिकिटं, गावातले व्यापारी, लॉटरी, आणि कधीकधी भलतंच काही. ओंटारिओतलं बेलव्हिल मॅकफार्लंड्स माहितीये? १९५८ चा ॲलन कप, आणि १९५९ ला प्राहात वर्ल्ड चॅम्पियन. खर्च झेपेना, आणि नंतर उघड झालं की नगरपालिकेच्या पैशातून टीमचा खर्च भागवला जात होता. टीम गुंडाळली. व्हिटबी डनलॉप्स १९५८ ला ऑस्लोला रशियाला ४-२ हरवून आले त्यांना निदान टायरची फॅक्टरी होती, डनलॉपची.

ओकानागनमध्ये पण तेच, तिथे केलोना पॅकर्स १९५८ ला मॉस्कोला जाऊन खेळून आले, पाचात दोन जिंकले, दोन बरोबरी, एक हरले. व्हर्नन कॅनेडियन्सनी १९५६ चा ॲलन कप आणला. एवढं सगळं करून ती लीग दहा वर्षांत आटोपली, कारण फळबागा नोकरी देतात पण हंगामी, आणि हंगाम उन्हाळ्याचा. भट्टी बारा महिने तीन पाळ्या चालते. माझ्या मते कूटनीची लीग टिकली आणि ओकानागनची गेली याचं सगळ्यात मोठं कारण हे, बाकी कोच बीच नंतर.

गावठी_वकील:

एक नंबर मुद्दा.

अवांतर: भट्टी अजून चालू आहे का?

सेल्कर्क_सदू:

चालू आहे, आता टेक कंपनीची. जस्त, शिसं, जर्मेनियम वगैरे. आणि वकीलसाहेब, भट्टीची मळी अनेक दशकं कोलंबिया नदीत सोडत होते, त्यावरून पलीकडच्या आदिवासी राष्ट्राने अमेरिकेच्या कोर्टात वेगळी केस लढवली, पाकूटस विरुद्ध टेक कॉमिन्को. तुमच्यासाठी अजून पाच मार्क.

फक्त_वाचक:

आता या टीम्सचं काय? नावं तरी शिल्लक आहेत का?

सेल्कर्क_सदू:

नावं बरीचशी आहेत, फक्त खाली ज्युनियरमध्ये. ट्रेल स्मोक ईटर्स ब्रिटिश कोलंबियाच्या ज्युनियर लीगमध्ये, किंबर्ली डायनामायटर्स आणि नेल्सन लीफ्स कूटनीच्या ज्युनियर लीगमध्ये. पेंटिक्टन व्हीज तर २०२५ पासून वरच्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये गेले. म्हणजे पूर्वी गावात राहायला आलेला माणूस त्या नावाने खेळायचा, आता सतरा-अठरा वर्षाची पोरं दोन सीझन कुणाच्या तरी घरी राहून पुढे कॉलेजला जातात. खेळ वेगवान आहे, पण सेथ मार्टिन पुढची पन्नास वर्षं याच गावात दिसायचा तसं यातलं कोणी दिसणार नाही.

सिनियर अगदी संपलं नाहीये. न्यूफाउंडलंडला अजून जोरात असतं, कॉर्नर ब्रुक रॉयल्सनी १९८६ ला ॲलन कप आणला होता तेव्हा अख्खं बेट नाचलं. अमेरिकेतल्या मिनेसोटातलं वॉरोड, दोनेक हजार वस्तीचं गाव, त्यांच्या लेकर्सनी १९९४, ९५, ९६ असा लागोपाठ तीन वेळा कप नेला.

मिसिसागाची_मावशी:

नातवाला घेऊन यायचं म्हणते ख्रिसमसच्या सुट्टीत. त्याला म्युझियमसारखं काही आहे का बघायला? आणि विमान कुठे उतरतं?

सेल्कर्क_सदू:

या की! रिंकच्याच बिल्डिंगमध्ये, ट्रेल मेमोरियल सेंटरमध्ये, स्पोर्ट्स हॉल ऑफ मेमरीज म्हणून आहे, जुने स्वेटर, स्केट्स, फोटो सगळं काचेत. चामड्याचे स्केट्स बघून नातू म्हणेल यात घोट्याला आधार कुठाय. रिंकचं नाव अजून कॉमिन्को अरीना, १९४९ चं आहे. ज्युनियरची मॅच असेल तर तिकीट काढून आत जा, भट्टीवरून थेट आलेले कामाच्या बुटातले लोक अजून दिसतात.

विमान कॅसलगारला उतरतं, पण डिसेंबरात ढग दरीत बसले की उतरतच नाही, इकडे त्याला कॅन्सलगार म्हणतात. त्यापेक्षा स्पोकॅनला उतरा आणि भाड्याची गाडी घ्या, अडीचेक तास, विंटर टायर असलेली मागा. नातवाचा कॅनडाचा पासपोर्ट असेलच, पण तुमचा अजून भारताचा असेल तर अमेरिकेचा व्हिसा बघून ठेवा आधी, मध्ये बॉर्डर आहे.

मिसिसागाची_मावशी:

व्हिसा आहे, २०२८ पर्यंत. थालीपीठाची भाजणी आणू का?

सेल्कर्क_सदू:

आणा हो, विचारता काय. बॉर्डरवर विचारलं तर पीठ आहे म्हणून सांगा.